रोमन नाण्याची रास्त किंमत

प्लास्टिकच्या डबीत बंद, वर श्रेणीचे लेबल असलेले रोमन नाणे समोर आले, तर त्याचे किती पैसे द्यावेत?

अमेरिकेतील एनजीसी ही संस्था प्राचीन नाण्यांची श्रेणी त्यांच्या झिजेवरून ठरवते. त्याशिवाय ठसा आणि पृष्ठभाग यांना पाचपैकी गुण देते. किंमत फिरते ती इथेच. श्रेणी तीच, पण पृष्ठभागाला पाचऐवजी दोन गुण असतील, तर नाण्यावर ओरखडे, गंज किंवा जास्त घासल्याच्या खुणा असू शकतात. अशा नाण्याची किंमत बरीच उतरायला हवी. ठसा मध्यावर बसला आहे का, सम्राटाचा चेहरा पूर्ण उठला आहे का, हे मात्र आपल्याच डोळ्यांनी पाहावे. लेबल ते पुरेसे सांगत नाही.

केवळ वयावरून किंवा दुर्मिळतेवरून भाव ठरतो, हा समज सोडून द्या. रोमन सम्राट टायबेरियसचा देनारियस, म्हणजे चांदीचे नाणे, मुळीच दुर्मिळ नाही. दक्षिण भारतातही तो मोठ्या संख्येने सापडला आहे. तरी बायबलमधल्या कराच्या नाण्याशी त्याचे नाते जोडले जाते, म्हणून तो महाग. उलट इंग्लंडमधल्या फ्रोम येथे 2010 मध्ये एकाच मडक्यात 52,503 नाणी निघाली. तिसऱ्या शतकातली तशी नाणी इतकी जुनी असूनही आजही स्वस्तात मिळतात.

विक्रेत्याने मागितलेली रक्कम हा बाजारभाव नव्हे. त्याच प्रकारच्या, तशाच स्थितीतल्या नाण्यांना अलीकडच्या लिलावांत प्रत्यक्ष काय मिळाले ते पाहा आणि त्यात लिलावगृहाचे शुल्क धरले आहे का, तेही तपासा. हे शुल्क अनेकदा बोलीच्या वीस टक्के किंवा त्याहूनही जास्त असते.