शक्तीची पूड



कंधारच्या बाजारात कुणी शक्तीच्या पुडीचा डबा पुढं करतो. “महिनाभर घ्या, बळ येईल,” म्हणतो. चार दिवसांची मजुरी त्याच्या हाती द्यावी का?

आधी डबा वाचा. आता आपल्याला वाचता येतं. त्यावर १४ आकडी परवाना नंबर आहे का? बनवणाऱ्याचा पत्ता आहे का? मुदत संपली तर नाही ना? यातलं काही नसेल तर डबा परत द्या. नंबर असला तरी एवढंच कळतं, की बनवणाऱ्याला परवाना आहे. पूड गुणकारी आहे, असा त्याचा अर्थ नव्हे.

थकवा का येतो, हे आधी शोधावं. रक्त कमी असेल, साखर असेल, क्षयही असेल. पूड खात बसलो, तर दुखणं आत वाढत जातं. म्हणून सरकारी दवाखान्यात रक्त तपासून घ्यावं. रक्त कमी निघालं, तर लोहाच्या गोळ्या तिथं फुकट मिळतात. गरोदर बाईनं चौथ्या महिन्यापासून रोज एक, अशा १८० दिवस घ्याव्यात. गोळीवर लगेच चहा पिऊ नये.

घरी भाकरी, वरण, पालेभाजी, शेंगदाणे खावेत. वर लिंबू पिळावं. वाचलेल्या पैशांत अंडी, दूध आणावं.

पूड विकणारा उद्या दुसऱ्या गावी जाईल. दुखणं मात्र आपल्याच घरी राहील.