मारिया सिंगचं गाव कोणतं?

मारिया सिंग, होजे सिंग... नावं ऐकून थबकलात ना? शंभरेक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियात अशा नावांची मुलं शाळेत जात होती. वडील पंजाबी, आई मेक्सिकन.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पंजाबातले शेतकरी तिथल्या इम्पीरियल व्हॅलीत पोचले आणि कापसाच्या शेतीत रमले. पण 1917च्या कायद्यानं आशियाच्या बहुतेक भागांतून येणाऱ्यांना दार बंद झालं. गावाकडून बायको आणणं जवळपास अशक्य. गोऱ्या आणि गोरेतरांच्या लग्नाला कॅलिफोर्नियाचा कायदा आडवा येई. मग त्याच शेतांत कापूस वेचणाऱ्या मेक्सिकन कुटुंबांशी सोयरिकी जुळल्या. परवाना देणारा कारकून वधूवरांच्या रंगाकडे पाही आणि वंशाच्या रकान्यात अनेकदा दोघांपुढे एकच शब्द लिही : 'ब्राउन'.

घरात बोली स्पॅनिश, मुलं बहुधा चर्चमध्ये जाणारी. वडिलांचा गुरुद्वारा स्टॉकटनला. ताटात टॉर्टिया आणि रोटी, दोन्ही. शेजारीपाजारी मात्र शीख काय, मुसलमान काय, सगळ्यांना 'हिंदू'च म्हणत!

1946 साली भारतीयांना नागरिकत्वाची वाट खुली झाली. 1948 मध्ये कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं आंतरवंशीय विवाहावरची बंदी रद्द केली. साऱ्या देशात ती 1967 मध्ये संपली. पुढे पंजाबातून कुटुंबंच येऊ लागली आणि अशी लग्नं विरळ झाली.

सरकारी रकान्यात एक शब्द मावतो. माणसाच्या घरात मात्र दोन देश सुखानं नांदू शकतात.