जनावरांचे स्नायू कसे घडतात?

श्रोते हो, केळव्याच्या किनाऱ्यावर आलेली मासळी बघा आणि मग आपल्या गोठ्यातले करडू बघा. अंगावर मांस दोघांच्याही आहे. पण ते वाढण्याची रीत मात्र एक नाही. ही रीत समजली, की जनावराला खुराक नेमका कधी द्यावा, हेही समजते.

मूळ घडण दोघांचीही सारखीच. गर्भाच्या पाठीवर, मध्यरेषेच्या दोन्ही अंगांना, मण्यांच्या माळेसारखे बारीक गोळे उमटतात. कोंबडीचे अंडे उबवायला ठेवले, की दोन दिवसांत ते सूक्ष्मदर्शकातून दिसतात. त्यांतल्या काही पेशी पाठीत राहतात, काही पायांकडे जातात आणि संख्येने वाढतात. मग एक नवल घडते. पानमळ्यात नागवेलीच्या पानावर दवाचे थेंब मिळून एकच ओघळ होतो ना, तशा या पेशी एकमेकींत मिसळून जातात आणि एक लांब तंतू तयार होतो. म्हणून स्नायूचा तंतू एक, पण त्यात केंद्रके शेकडो! अशा तंतूंच्या जुड्या म्हणजे स्नायू.

आता फरक पाहा. मोठ्या होणाऱ्या पुष्कळ माशांत अंड्यातून बाहेर आल्यावरही नवे तंतू तयार होत राहतात. गाय, शेळी यांच्यात मात्र तंतूंची संख्या बहुतांशी जन्मापूर्वीच ठरते. डांगी बैल काम करून दणकट होतो, तो आहेत तेच तंतू जाड झाल्यामुळे. तंतूंना चिकटून काही राखीव पेशी असतात. अलेक्झांडर मौरो या शास्त्रज्ञाने १९६१ साली बेडकाच्या स्नायूत त्या दाखवून दिल्या. इजा झाली की त्या डागडुजी करतात. पण जन्माआधी राहिलेली सगळी उणीव भरून काढणे काही त्यांना साधत नाही.

गाभण मेंढ्यांना अर्धपोटी ठेवून प्रयोग झाले, तेव्हा त्यांच्या कोकरांच्या स्नायूंत तंतू कमी भरले. तेव्हा शेतकरी बंधूंनो, गाभण जनावर दूध देत नाही म्हणून त्याला नुसत्या भाताच्या पेंढ्यावर ठेवू नका. हिरवा पाला आणि थोडी पेंड त्याच दिवसांत द्या. शेळीचे ते पाच महिने एकदा गेले, की पुन्हा येत नाहीत.

आणि गुरुजी, शिजलेल्या मांसाचा एक धागा सुईने सोडवून मुलांना जरूर दाखवा. त्याचबरोबर सांगा, की माणसाच्या बाळाचे स्नायूही असेच आईच्या पोटात घडतात. घरातल्या गरोदर बाईचे ताट सर्वांत शेवटी वाढायचे नसते, ते यासाठीच.