शिक्षणावरील सरकारी खर्च आणि रोजगार
(ट्रस्टच्या सुवर्णमहोत्सवी समारंभात दिलेले व्याख्यान)



आचार्य जिनसेनांच्या आदिपुराणात भगवान ऋषभदेवांच्या राज्यकालातील एक प्रसंग आहे. कल्पवृक्ष लोप पावू लागले, प्रजा उपासमारीच्या भयाने व्याकुळ झाली आणि नाभिराजांनी तिला ऋषभदेवांकडे पाठविले. भगवंतांनी तिला असि, मषि, कृषि, विद्या, वाणिज्य आणि शिल्प ही उपजीविकेची सहा कर्मे शिकविली. या सहांमध्ये विद्या एकटी नाही. तिच्या एका बाजूस शेती आहे, दुसऱ्या बाजूस व्यापार आणि कारागिरी आहे. शिकणे आणि पोट भरणे यांचे नाते किती जुने आहे, हे यावरून ध्यानात येते.

आज या नात्याविषयीच शंका घेतली जात आहे. पेठेत, लग्नसमारंभात, मंदिराच्या ओट्यावर एक प्रश्न वारंवार कानी येतो. सरकार शाळा-महाविद्यालयांवर एवढा पैसा खर्च करते, तरी पदवी घेतलेली मुले घरी बसून आहेत. मग करदात्याचा पैसा वाया जात नाही काय? सुवर्णमहोत्सवी वर्षात ट्रस्टच्या शिष्यवृत्ती निधीचाही फेरविचार होणार असल्याने या प्रश्नाचे उत्तर शोधणे अगत्याचे आहे.

प्रथम जमाखर्चाच्या दृष्टीने पाहू. दुकानाची इमारत हा भांडवली खर्च आणि नोकराचा पगार हा महसुली खर्च, हा भेद प्रत्येक व्यापारी जाणतो. सरकारी अंदाजपत्रकातही शाळेची इमारत भांडवली खात्यात जाते आणि शिक्षकाचा पगार महसुली खात्यात. परंतु भिंती मुलाला शिकवीत नाहीत, शिक्षक शिकवितो, आणि त्याने दिलेले अक्षरज्ञान पुढे चाळीस वर्षे उत्पन्न देत राहते. म्हणजे जी खरी गुंतवणूक आहे तीच वहीत चालू खर्च म्हणून दिसते, आणि काटकसरीची वेळ आली की तिच्यावरच प्रथम कात्री चालते. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा असे सुचविले. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तोच आकडा पुन्हा सांगितला. मधल्या अर्धशतकात ते उद्दिष्ट गाठले गेले नाही.

शिक्षणावरील खर्चाने काही रोजगार तत्काळ निर्माण होतो. शिक्षक, लेखनिक आणि शिपाई नेमले जातात; गवंडी, छापखाना आणि वह्यांचा व्यापारी यांना काम मिळते; जून महिन्यात गणवेशाच्या कापडाला उठाव येतो आणि शिंप्याला रात्रीचा दिवस करावा लागतो. परंतु एवढाच रोजगार हवा असेल तर तो रस्ते बांधूनही मिळतो. खरी कसोटी पुढची आहे. शाळेतून बाहेर पडलेल्या मुलाच्या हाताला काम मिळते का, आणि त्याच्यामुळे आणखी चार हातांना काम मिळते का?

या कसोटीवर कोल्हापूर संस्थानचा इतिहास पाहण्यासारखा आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९१७ साली प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत करण्याचा निर्णय घेतला. मुलाला शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेविला. परंतु महाराज शाळा काढून थांबले नाहीत. १९०२ च्या आदेशाने त्यांनी संस्थानच्या नोकऱ्यांतील ५० टक्के जागा मागासलेल्या वर्गांसाठी राखून ठेविल्या होत्या. १९१८ साली वंशपरंपरागत कुलकर्णी वतने बंद करून पगारी तलाठी नेमण्यास आरंभ केला. त्यामुळे शिकलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला गावच्या दप्तरापर्यंत जाण्याची वाट मोकळी झाली. याच काळात शाहूपुरीची व्यापारी पेठ वाढत होती, १९०६ साली शाहू मिलची स्थापना झाली, राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतले गेले. शाळा, नोकरी, पेठ, गिरणी आणि पाणी या पाचही गोष्टी एकाच राजाच्या मनात एकत्र होत्या.

कोल्हापुरात १९०१ साली महाराजांच्या आश्रयाने उभ्या राहिलेल्या दिगंबर जैन वसतिगृहात कर्मवीर भाऊराव पाटील विद्यार्थी म्हणून राहिले होते. बाहुबलीच्या डोंगरामुळे सर्व जैन समाजाला परिचित असलेल्या कुंभोज गावी १८८७ साली जन्मलेल्या या पुरुषाने मॅट्रिकची परीक्षाही उत्तीर्ण केली नव्हती. किर्लोस्करांचे लोखंडी नांगर विकण्यासाठी ते खेडोपाडी हिंडले आणि शेतकऱ्यांचे दारिद्र्य व अज्ञान यांची सांगड त्यांनी डोळ्यांनी पाहिली. १९१९ साली काले येथे त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे साताऱ्यास १९३५ साली अध्यापक विद्यालय सुरू झाले. मुंबई प्रांतात १९३७ साली लोकनियुक्त मंत्रिमंडळ आले. त्यात समाजाचे थोर नेते अण्णासाहेब लठ्ठे अर्थमंत्री होते. या सरकारने खेड्यातील स्वयंसेवी शाळांना अनुदान देण्याचे धोरण स्वीकारले आणि भाऊरावांनी अशा शेकडो शाळा उघडल्या. शिक्षक तयार होते, गावाने जागा दिली, सरकारने अनुदान दिले. सरकारचा पैसा आणि समाजाचे कष्ट एकत्र आले म्हणजे काय घडते, याचा याहून चांगला दाखला महाराष्ट्रात क्वचितच सापडेल.

भाऊरावांची 'कमवा आणि शिका' ही योजना तर आजच्या प्रश्नाचे थेट उत्तर आहे. विद्यार्थी शेतात राबत, स्वयंपाक करीत, इमारतीचे दगड वाहत आणि शिकत. शिक्षण संपल्यावर काम शोधायचे, असा क्रम तेथे नव्हता. शिकत असतानाच काम हातवळणी पडत होते.

जेथे हा दुवा तुटला तेथे काय झाले, हेही प्रांजळपणे सांगितले पाहिजे. मागील दोन दशकांत महाराष्ट्रात डी. एड. महाविद्यालयांचे पेव फुटले. शिक्षकाची नोकरी नक्की मिळेल या आशेने शेतकऱ्यांनी जमिनी गहाण ठेवून मुलांना शिकविले. २०१२ नंतर शिक्षकभरती अनेक वर्षे जवळजवळ थांबली आणि पदविका हाती घेऊन हजारो तरुण वाट पाहत राहिले. या सर्वांना एकाच नोकरीसाठी तयार केले गेले होते, आणि ती नोकरी देणारा मालकही एकच होता.

आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या सहभागाने २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या भारतविषयक अहवालानुसार, २०२२ साली १५ ते २९ वयोगटातील पदवीधरांमध्ये बेकारीचे प्रमाण २९.१ टक्के होते, तर लिहिता-वाचता न येणाऱ्यांमध्ये ते अवघे ३.४ टक्के होते. हे आकडे पाहून शिक्षणच बेकारी वाढविते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. तो चुकीचा आहे. निरक्षर गरिबाला बेकार राहणे परवडत नाही. तो मिळेल त्या मजुरीला जातो. पदवीधर मात्र योग्य कामाची वाट पाहत बसतो. याचा अर्थ, शिक्षणाने त्याची अपेक्षा वाढविली, पण त्या अपेक्षेला साजेसे काम उभे राहिले नाही.

परदेशातील एक तपासलेला दाखलाही येथे उपयोगी पडतो. इंडोनेशिया सरकारने १९७३ ते १९७८ या काळात ६१,००० हून अधिक प्राथमिक शाळा बांधल्या. पुढे नोबेल पारितोषिक मिळविणाऱ्या अर्थतज्ज्ञ एस्थर डुफ्लो यांनी २००१ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात दाखविले की, जेथे शाळा अधिक बांधल्या गेल्या तेथील मुले अधिक वर्षे शिकली आणि मोठेपणी त्यांचे वेतनही वाढले. मात्र हे फळ दिसण्यास वीस वर्षे लागली. पाच वर्षांनी निवडणूक लढविणाऱ्या सरकारला आणि दर दिवाळीला नफा मोजणाऱ्या व्यापाऱ्याला एवढा धीर धरणे जड जाते.

इचलकरंजीचा अनुभव अधिक जवळचा आहे. विठ्ठलराव दातार यांनी १९०४ साली तेथे पहिला यंत्रमाग आणला, तेव्हा वस्त्रविद्येचे महाविद्यालय नव्हते. कारागीर मागावरच घडले. पण साध्या मागाच्या जागी बिनधोट्याचे माग आले, त्यांत संगणक बसला, आणि जॉबरला यंत्राची पुस्तिका वाचणे आवश्यक झाले. तेथे १९८२ साली वस्त्रोद्योगाचे शिक्षण देणारी संस्था उभी राहिली, ती योग्य ठिकाणी उभी राहिली. उद्योग दाराशी होता, म्हणून विद्येला मोल आले.

आता थोडे समाजाकडेही पाहावे लागेल. २००१ च्या जनगणनेत जैन समाजाची साक्षरता ९४.१ टक्के, म्हणजे सर्व धर्मसमूहांत अग्रेसर होती. त्याच जनगणनेत काम करणाऱ्या जैन स्त्रियांचे प्रमाण मात्र केवळ ९.२ टक्के, म्हणजे सर्वांत कमी होते. दुकानात हिशेब पाहणारी, घरी पापड-लोणच्यांचा व्यवसाय सांभाळणारी स्त्री अनेकदा मोजणीत येत नाही, हे खरे. तरीही एवढे अंतर त्याने भरून निघत नाही. भगवान ऋषभदेवांनी लिपी शिकविली ती ब्राह्मीला आणि अंक शिकविले ते सुंदरीला. कन्यांपासून विद्येचा आरंभ मानणाऱ्या समाजात शिकलेल्या कन्येची पदवी लग्नपत्रिकेपुरती उरावी, हे शोभत नाही. येथे सरकारने शिक्षण दिले आहे. काम अडले आहे ते घराच्या उंबरठ्यावर.

दुसरी गोष्ट सरकारी शाळांची. समाजाची मुले आज बहुतांशी खाजगी इंग्रजी शाळांत जातात, म्हणून जिल्हा परिषदेच्या वा नगरपालिकेच्या शाळेशी आपला संबंध उरला नाही, असे अनेकांना वाटते. परंतु दुकानातील सेल्समन, मागावरचा कामगार, हिशेबनीस आणि शिंपी त्याच शाळांतून येतात. ती शाळा खालावली तर पेढीही खालावेल.

तात्पर्य असे की, सरकारी खर्च नोकऱ्यांचे पीक काढून देत नाही. तो जमीन तयार करतो. ती तयार झाल्यावर पेरणी करणे हे उद्योजकांचे व समाजाचे काम आहे. ट्रस्टने पन्नास वर्षे शिष्यवृत्ती, वह्या आणि वसतिगृह यांतून ज्ञानदान केले. पुढील वर्षांत त्यास आणखी एक जोड देता येईल. शिष्यवृत्ती घेणाऱ्या प्रत्येक मुला-मुलीला समाजातील एका दुकानात, कारखान्यात वा सनदी लेखापालाच्या कार्यालयात सहा महिने सशुल्क उमेदवारी मिळावी. पन्नास व्यापाऱ्यांनी प्रत्येकी एकच जागा दिली, तरी पन्नास घरांचा प्रश्न हलका होईल.

आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान ही चार दाने श्रावकाला सांगितली आहेत. ज्याला विद्या मिळाली आणि कामही मिळाले, त्याच्या घरातील उद्याची धास्ती संपते. ज्ञानदान पूर्ण झाले की अभयदान आपोआप घडते. सुवर्णमहोत्सवाचा हाच संकल्प व्हावा, ही प्रार्थना.

जयजिनेंद्र.