आधी मैदान, मग वस्ती

विकास आराखड्यातील हिरवा तुकडा म्हणजे उद्यान नव्हे, केवळ आरक्षण. नगररचना अधिनियम १९६६ च्या कलम १२७ प्रमाणे दहा वर्षांत भूसंपादन न झाल्यास मालक खरेदीची सूचना बजावू शकतो. पालिकेने त्यानंतरही मुदतीत हालचाल केली नाही, तर आरक्षण संपुष्टात येते. तोवर भोवतालची वस्ती मात्र भरून गेलेली असते.

केंद्राच्या २०१४ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दरडोई १० ते १२ चौरस मीटर मोकळी जागा सुचविली. त्या मापाने एक एकर जागा जेमतेम चारशे जणांना पुरते! दुमजली वाड्याच्या जागी दहा मजले चढतात, कुटुंबे वाढतात; बाग तेवढीच राहते. दूरची टेकडी सरासरीत धरून आकडा फुगविता येतो, पण काठी टेकत निघालेल्या आजोबांना ती गाठता येत नाही.

दादरचे शिवाजी पार्क १९२५ मध्ये खुले झाले. सभोवतालच्या बहुतेक इमारती नंतर उभ्या राहिल्या. हा क्रम महत्त्वाचा. नवा आराखडा प्रसिद्ध झाला की हरकती-सूचनांसाठी मुदत असते. त्या मुदतीत आपल्या प्रभागाचा नकाशा उघडून पाहणारी कुटुंबे किती?