बांगडी आणि रुपया

परिवलनगतीचें उदाहरण सोडवितांना विद्यार्थी बहुधा आरंभींच बिचकतो. उतारावरून घरंगळणाऱ्या वस्तूचें वस्तुमान दिलेलेंच नसतें! तें छापावयाचें राहिलें, असें त्यास वाटतें. वस्तुतः वस्तुमान व त्रिज्या समीकरणांतून आपोआप उडून जातात. उरतो तो आकार.

घरींच तिरप्या फळीवरून बांगडी आणि रुपया एकदम सोडून पाहावा. रुपया पुढें जातो. उंचीमुळें मिळालेल्या ऊर्जेचा निम्मा वांटा बांगडी स्वतःभोवतीं फिरण्यांत खर्चिते. रुपया एक तृतीयांशच. म्हणून न घसरतां १ मीटर उंची उतरल्यावर बांगडीचा वेग सेकंदास सुमारें ३.१ मीटर, तर रुपयाचा ३.६ भरतो. ज्या ४.४ या उत्तरावर परीक्षकाची लाल रेघ पडते, तें घर्षणावांचून घसरत येणाऱ्या बर्फाच्या तुकड्याचें असतें.