नोकरी गेल्यानंतरचे नव्वद दिवस
(दिल्ली आणि आसपासच्या खातेदारांसाठी झालेल्या भाषणाचा मजकूर)



बचतीवर बोलायला बोलावलं की बहुतेक वक्ते पैसे कसे साठवावेत हे सांगतात. आज मी उलट्या बाजूने सुरुवात करणार आहे. पगार थांबला, तर साठवलेल्या पैशाला हात लावण्याआधी आपल्या हक्काचे कोणते पैसे मागायचे, ते कुठे आणि कसे मागायचे, हा आजचा विषय आहे.

तुमच्यापैकी कोणी ओखल्यात कामाला असेल, कोणी नारायण्यात, कोणी गुरुग्रामच्या उद्योग विहारात, कोणी मानेसर, नोएडा किंवा साहिबाबादला. नोकरी गेली की घरात काय होतं ते आपल्याला माहीत आहे. पहिल्या महिन्यात बचत खातं रिकामं होतं. दुसऱ्या महिन्यात आवर्ती ठेव मोडली जाते. तिसऱ्या महिन्यात मंगळसूत्र तारण जातं. आणि एवढं सगळं होत असताना सरकारदरबारी आपल्या नावावर पंचवीस-तीस हजार रुपयांचा हक्क पडून असतो. तो कोणी मागितलेलाच नसतो, कारण असं काही असतं हेच माहीत नसतं.

आता तुमच्या पगाराची स्लिप डोळ्यांसमोर आणा. त्यात ‘ईएसआय’ नावाची एक छोटी कपात असते. महिना 21,000 रुपयांपर्यंत पगार असलेल्या आणि कर्मचारी राज्य विमा लागू असलेल्या ठिकाणी काम करणाऱ्या माणसाच्या पगारातून 0.75 टक्के कापले जातात आणि मालक स्वतःचे 3.25 टक्के भरतो. पगार 18,000 असेल, तर तुमचे 135 रुपये आणि मालकाचे 585. ‘आजारी पडलो तर दवाखाना’ एवढीच या कपातीची ओळख बहुतेकांना असते. बसईदारापूर, झिलमिल, ओखला, रोहिणी, फरिदाबाद इथली ईएसआयची रुग्णालयं आपण पाहिलेली असतात. याच विम्यात नोकरी गेल्यावर मिळणारा रोख आधारही आहे, हे मात्र फार थोड्यांना ठाऊक असतं.

दिल्लीकरांनी तर हे माहीत करून घ्यायलाच हवं. 1948 च्या कायद्याने आलेला हा विमा देशात सर्वांत आधी 24 फेब्रुवारी 1952 रोजी दोनच ठिकाणी सुरू झाला, कानपूर आणि दिल्ली.

या रोख आधाराचं नाव ‘अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना’. ती 1 जुलै 2018 पासून सुरू झाली. तेव्हा रोजच्या सरासरी कमाईच्या 25 टक्के मिळत. कोविडच्या काळात, 24 मार्च 2020 पासून, ही रक्कम 50 टक्के झाली आणि अटीही सैल झाल्या. योजनेची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, म्हणून अर्ज करण्याआधी ती त्या दिवशी चालू आहे ना, एवढं ईएसआयच्या शाखेत किंवा 1800-11-2526 या निःशुल्क क्रमांकावर विचारून घ्या.

हिशोब असा. नोकरी जाण्याआधीच्या चार अंशदान कालावधींतली, म्हणजे दोन वर्षांची, एकूण कमाई घ्यायची आणि तिला 730 ने भागायचं. जी रोजची सरासरी येईल तिच्या निम्मे, जास्तीत जास्त 90 दिवस. पगार सलग 18,000 असेल तर दोन वर्षांचे 4,32,000 होतात. भागिले 730, म्हणजे रोजचे साधारण 592. त्याचे निम्मे 296. नव्वद दिवसांचे साधारण साडेसव्वीस हजार रुपये. ही रक्कम थेट तुमच्या बँक खात्यात येते. तोवर ईएसआयचा दवाखानाही चालू राहतो.

हे पैसे आयुष्यात एकदाच मिळतात. म्हणून पंधरा दिवसांत दुसरी नोकरी नक्की असेल, तर हा हक्क आजच वापरायचा की पुढच्या मोठ्या अडचणीसाठी राखायचा, याचा विचार घरात बसून करा.

पात्रता कोणाची? किमान दोन वर्षं विम्याच्या नोकरीत असलेल्याची. अंशदानाचे कालावधी दोन असतात, 1 एप्रिल ते 30 सप्टेंबर आणि 1 ऑक्टोबर ते 31 मार्च. नोकरी जाण्याच्या लगेच आधीच्या कालावधीत किमान 78 दिवसांचं अंशदान भरलेलं हवं आणि दोन वर्षांतल्या बाकीच्या तीन कालावधींपैकी एकात किमान 78 दिवसांचं. आधार आणि बँक खातं विम्याच्या नोंदीशी जोडलेलं हवं.

आता मी जे सांगणार आहे ते नीट ऐका, कारण सर्वांत जास्त हक्क इथेच बुडतात. गैरवर्तनाच्या शिक्षेमुळे नोकरी गेली, संप केला, वयोमानाने निवृत्त झालात, किंवा स्वतःहून नोकरी सोडली, तर हा आधार मिळत नाही. आणि आपल्याकडे कपात करताना पुष्कळ ठिकाणी माणसाला केबिनमध्ये बोलावून गोड बोलून सांगतात, “राजीनामा लिहून द्या, म्हणजे पुढे अडचण येणार नाही. अनुभवाचं पत्रही चांगलं देऊ.” माणूस घाबरलेला असतो, सही करून मोकळा होतो. त्या एका सहीने कागदोपत्री तो स्वतःहून गेलेला ठरतो.

म्हणून सही करण्याआधी एक दिवस मागून घ्या. “घरी विचारून उद्या सांगतो” एवढं म्हणायला कोणाची बंदी नाही. काम कमी झालं म्हणून काढत असतील, तर तसं पत्र मागा. पत्र देत नसतील, तर “आज मला कामावरून कमी करत असल्याचं सांगितलं” असा ईमेल किंवा मोबाइलवर संदेश त्याच दिवशी पाठवा आणि जपून ठेवा. पीएफच्या नोंदीत नोकरी सोडण्याची तारीख आणि कारण मालक भरतो, ते काय भरलंय तेही बघा. कागदावरचं कारण एक आणि खरं कारण दुसरं, असं झालं की पुढच्या प्रत्येक खिडकीवर तुम्हालाच खुलासा करत बसावं लागतं.

अर्जाची वाट अशी आहे. नोकरी गेल्यापासून 30 दिवस झाले की मागणी करता येते. मालकाच्या हातापाया पडायची गरज नाही, अर्ज विमा काढलेला माणूस स्वतः करतो. ईएसआयच्या पोर्टलवर विमित व्यक्ती म्हणून आपल्या विमा क्रमांकाने प्रवेश करायचा, या योजनेचा दावा भरायचा, आधार आणि बँक पासबुकाची प्रत अपलोड करायची. आधी यासाठी स्टँप पेपरवर प्रतिज्ञापत्र लागे, ती अट 2020 मध्ये काढून टाकली. तेव्हा कोणी कोर्टाबाहेर प्रतिज्ञापत्राचे पैसे मागितले तर देऊ नका. कागद अपलोड होत नसतील, तर दाव्याची प्रत छापून, सही करून, कागदांसह आपल्या शाखा कार्यालयात द्या आणि पोच घ्या. तुमची शाखा कोणती, ते ई-पहचान कार्डावर लिहिलेलं असतं.

दावा अडकतो कुठे? बहुतेक वेळा अगदी साध्या गोष्टीत. आधारवर ‘पांडुरंग’, विम्याच्या नोंदीत ‘पांडूरंग’. वडिलांचं नाव एका ठिकाणी आहे, दुसऱ्या ठिकाणी नाही. दिल्लीत नावं लिहिणाऱ्यांना आपली आडनावं कळत नाहीत, त्यामुळे आपल्या लोकांत हे जास्त होतं. बँक खात्याचंही तेच. दोन वर्षं व्यवहार नसला की खातं निष्क्रिय होतं. देना आणि विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक 2020 मध्ये युनियन बँकेत. जुना आयएफएससी कोड दिला तर पैसे परत जातात. नोकरी चालू असतानाच ही दुरुस्ती एका फेरीत होते. नोकरी गेल्यावर त्यासाठी मालकाचीही सही लागू शकते आणि तेव्हा तो फोन उचलेलच असं नाही. तहान लागल्यावर विहीर खणायला निघू नका.

कारखानाच बंद पडला, रीतसर कपात झाली, किंवा कामाबाहेरच्या दुखापतीने किमान 40 टक्के कायमचं अपंगत्व आलं, तर 2005 पासूनची ‘राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना’ आहे. तिचा भत्ता जास्त काळ, दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. अशा वेळी घाईने नव्वद दिवसांचा दावा भरू नका. शाखेत दोन्हींची चौकशी करा, मग ठरवा.

आता पीएफ. पीएफ म्हणजे भत्ता नव्हे, ती तुमचीच बचत आहे. पूर्वीच्या नियमाने बेकारीच्या एका महिन्यानंतर 75 टक्के आणि दोन महिन्यांनंतर उरलेले काढता येत. 13 ऑक्टोबर 2025 रोजी विश्वस्त मंडळाने नियम बदलायचं ठरवलं. 75 टक्के लगेच, 25 टक्के खात्यात शिल्लक, आणि संपूर्ण रक्कम बारा महिन्यांच्या बेकारीनंतर. अर्ज भरताना पोर्टलवर त्या दिवशी कोणता नियम दिसतो, तो वाचूनच पुढे जा. पण मिळतात म्हणून काढू नका. 2024-25 साठी पीएफचं व्याज 8.25 टक्के होतं. हाच दर वीस वर्षं राहिला, तर आज खात्यात ठेवलेला एक लाख पावणेपाच लाखांच्या पुढे जातो. आज काढलेले पन्नास हजार म्हणजे म्हातारपणातून उचललेले सव्वादोन लाखांहून जास्त आहेत. शिवाय पाच वर्षांच्या आत 50,000 किंवा जास्त काढले तर करही कापला जाऊ शकतो.

म्हणून पैसे मागण्याचा क्रम लक्षात ठेवा. आधी उरलेला पगार. 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या वेतन संहितेप्रमाणे तो दोन कामाच्या दिवसांत द्यायला हवा. पाच वर्षं पूर्ण झाली असतील तर ग्रॅच्युइटी. मग ईएसआयचा दावा. मग बचत खातं. मग ठेव, तीही शक्यतो मोडण्याऐवजी ठेवीवर कर्ज काढून. त्यानंतर पीएफ. आणि सोनं सगळ्यांत शेवटी.

इथे काहींच्या मनात आलं असेल की आमच्या पगारात ईएसआय कापतच नाहीत, आमचं काय? करोल बाग आणि चांदणी चौकात विटा, खानापूर, आटपाडीकडची गलाईची आपली माणसं आहेत. एका खोलीत तीन-चार जण काम करतात. हा विमा साधारणपणे दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी लागू होतो. तेव्हा खरं ते सांगतो, त्यांना हा भत्ता नाही. ई-श्रमची नोंद जरूर करा, पण तिच्यातून बेकारीचे पैसे मिळत नाहीत. अशा घराने स्वतःच तीन महिन्यांच्या खर्चाचा राखीव पैसा उभा करायला हवा. महिन्याला एक हजाराची आवर्ती ठेव वेगळी काढा आणि लग्नकार्यासाठीही तिला हात लावू नका. आणि दहाहून जास्त माणसं कामाला असूनही मालक विमा भरत नसेल, तर त्याची तक्रार ईएसआयच्या कार्यालयात करता येते.

बांधकामावर असाल तर दिल्लीच्या बांधकाम कामगार कल्याण मंडळात नोंदणी करा. वर्षात 90 दिवस बांधकामाचं काम आणि वय 18 ते 60 असलं की नोंद होते. प्रदूषणामुळे नोव्हेंबर 2021 मध्ये कामं बंद झाली, तेव्हा दिल्ली सरकारने बांधकाम मजुरांना 5,000 रुपये जाहीर केले. पुढच्या हिवाळ्यांतही अशी मदत झाली. पण ती नोंद असलेल्याला. शेजारी तीच विटांची पाटी उचलणारा माणूस, कार्डाचं नूतनीकरण राहिलं म्हणून, रिकाम्या हाताने घरी गेला.

शेवटी एक सावधगिरी. दावा भरायला पैसे लागत नाहीत. “टक्केवारी द्या, लगेच मंजूर करून देतो” म्हणणारा दलाल तुमचा ओटीपी घेतो आणि त्या ओटीपीने पीएफसुद्धा काढू शकतो. भरता येत नसेल तर घरातल्या शिकलेल्या मुलाला-मुलीला शेजारी बसवा, किंवा शाखेत जा. पण ओटीपी कोणालाही सांगू नका.

आज घरी गेल्यावर चारच गोष्टी करा. पगाराच्या स्लिपवर ईएसआयची कपात आहे का ते बघा. विमा क्रमांक आणि पीएफचा यूएएन वहीत लिहा. आधार, बँक आणि विमा, तिन्हीकडे नाव सारखं आहे का तपासा. आणि मागच्या सहा महिन्यांच्या स्लिपा आणि हजेरीचा पुरावा एका पिशवीत ठेवून ती पिशवी कुठे आहे ते घरातल्या दुसऱ्या माणसाला दाखवा. यातलं काही आज अडलं, तर ते नोकरी असतानाच सोडवा.